युरिया, निकेल आणि विहिरीचे पाणी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

रसायनशास्त्र हा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी दुरूनच नमस्कार करण्याचा आहे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र हे आपले; धातू, आम्ल, वायू हे पलीकडच्या इमारतीतले. परंतु ज्या पदार्थाचे पोते दर पावसाळ्यात आपल्या घरी येते, ज्याच्या तुटवड्याने गावात रांगा लागतात आणि ज्याचे रिकामे पोते खोळ करून आपण पावसात डोक्यावर घेतो, त्या पदार्थाशी आपला काही संबंध नाही असे कसे म्हणता येईल? तो पदार्थ म्हणजे युरिया. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. युरिया हा शब्द मात्र मला शाळेत शिकावा लागला नाही. "खत टाकल्याबिगर पीक काळं व्हत नाही," हे वडिलांचे वाक्य अक्षरओळख होण्यापूर्वीच माझ्या कानावर पडलेले आहे.

या युरियापासून विजेच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिळवण्याचे आणि त्याच वेळी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयत्न गेली काही वर्षे जगभर चालू आहेत. त्यासाठी कार्बनच्या आधारावर बसवलेले धातूचे अतिसूक्ष्म कण वापरतात. हे कण करतात तरी काय, आणि नांदेड-लातूरच्या माणसाने त्यात लक्ष का घालावे, हे सोप्या भाषेत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शरीरातला युरिया आणि पोत्यातला युरिया

युरिया प्रथम सापडला तो मूत्रात. १७७३ साली फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ रूएल याने तो मूत्रापासून वेगळा केला. पुढे १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने तोच पदार्थ प्रयोगशाळेत, कोणत्याही प्राण्याची मदत न घेता तयार करून दाखवला. असे पदार्थ केवळ जिवंत शरीरातच बनू शकतात, या त्या काळच्या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. आपण डाळ, अंडी, दूध असे जे प्रथिनयुक्त अन्न खातो, त्यातील वापरून उरलेला नायट्रोजन शरीर युरियाच्या रूपाने बाहेर टाकते. प्रौढ माणूस दिवसाकाठी साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया मूत्रावाटे टाकत असतो. म्हणजे पोत्यातील पांढरे दाणे आणि शरीराने टाकलेला हा पदार्थ, रसायनाच्या दृष्टीने दोन्ही एकच.

पोत्यातील युरिया कारखान्यात तयार होतो. हवेतील नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूपासून मिळणारा हायड्रोजन यांचा मोठ्या दाबाखाली संयोग घडवून आधी अमोनिया बनवतात. जर्मनीतील हाबर आणि बॉश यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि १९१३ साली तिचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. या अमोनियाचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग केला की युरिया होतो. आपल्या राज्यात ट्रॉम्बे येथे आणि अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीचे कारखाने आहेत. ही कंपनी १९७८ साली स्थापन झाली आणि तिच्या 'उज्ज्वला' युरियाची पोती मराठवाड्यातल्या कोणत्याही खतदुकानात पाहावयास मिळतात. पूर्वी पोते ५० किलोचे असे, २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले. शेतकऱ्याला ते अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळते, कारण खऱ्या किमतीचा फार मोठा भाग सरकार भरते. एवढ्या इंधनाने आणि एवढ्या खर्चाने बांधलेला हा नायट्रोजन पुढे जातो कोठे, हा या लेखातला मुख्य प्रश्न आहे.

जमिनीत काय होते

शेतात टाकलेल्या युरियातील साधारण निम्माच नायट्रोजन पिकाला मिळतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. जमिनीतील सूक्ष्मजीव युरियाचे आधी अमोनियात रूपांतर करतात. गोठ्यात किंवा अस्वच्छ मुतारीत डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, तो याच अमोनियाचा. नंतर दुसऱ्या प्रकारचे जंतू अमोनियाचे नायट्राइट आणि त्यापुढे नायट्रेट करतात. नायट्रेटचा कण ऋण विद्युतभाराचा असतो आणि आपल्या काळ्या जमिनीतील मातीचे कणही ऋणभाराचेच. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाऊस पडला की पाण्याबरोबर तो खाली उतरतो आणि शेवटी विहिरीला किंवा बोअरला मिळतो. गावातील सांडपाणी, शोषखड्डे, उकिरडे यांतील युरियाचीही हीच गत होते.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट असावे, असे आपल्याकडील मानक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्या अहवालात देशातील जे सर्वाधिक बाधित १५ जिल्हे सांगितले आहेत, त्यांत आपल्या नांदेडचे नाव आहे. शेजारचा बीडही त्यात आहे. आपण ज्या पाण्याला गोड म्हणतो, ते चवीने गोड असूनही असे असू शकते, कारण नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळले तरी ते जात नाही.

याचा सर्वांत मोठा धोका वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना असतो. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला बिघडवते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. बाळ निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या शेतवस्त्यांवरील विहिरींचे पाणी आणि बाळांचा हा आजार यांचा संबंध डॉ. कॉम्ली यांनी १९४५ साली दाखवून दिला.

लातूरकरांना पाण्याची किंमत वेगळी सांगण्याची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे १० डब्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली, ही गोष्ट आमच्या पिढीने लहानपणीच पाहिली-ऐकली आहे. पाणी कमी असते तेथे पाण्याचा दर्जा हा चैनीचा विषय राहत नाही. असलेले पाणी बिघडले तर बदली पाणी आणायचे कोठून?

विजेने युरिया फोडणे

शेतात पसरलेला युरिया गोळा करता येणार नाही, हे उघड आहे. परंतु जेथे युरियायुक्त पाणी एका जागी जमते, उदाहरणार्थ वसतिगृहे, बसस्थानकांवरील मुताऱ्या, मोठे गोठे, युरियाचे कारखाने, तेथे ते जमिनीत जाण्यापूर्वीच त्याची वासलात लावता येईल काय? या प्रश्नाला २००९ साली एक आकर्षक उत्तर पुढे आले. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या प्राध्यापिका जेरार्डिन बोट्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलची पट्टी वापरून युरियाच्या आणि मूत्राच्या द्रावणातून वीज सोडली आणि हायड्रोजन वायू मिळवला.

पाण्यातून वीज सोडली तर त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, हे आपण शाळेत शिकलो. त्या प्रयोगात धन पट्टीवर ऑक्सिजन आणि ऋण पट्टीवर हायड्रोजन मिळतो. पाण्यात कॉस्टिक पोटॅश व युरिया घातल्यास ऋण पट्टीवर पूर्वीप्रमाणेच हायड्रोजन सुटतो. धन पट्टीवर मात्र पाण्याऐवजी युरियाचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे युरियाच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. एका रेणूकडून असे सहा इलेक्ट्रॉन निघतात. सर्व काही सुरळीत झाले तर युरिया आणि पाणी यांपासून शेवटी नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन हे तीन पदार्थ उरतात. नायट्रोजन हा आपण श्वासात घेतो त्याच हवेचा मुख्य घटक. तो हवेत परत गेला की विहिरीचा धोका टळला.

यातील आकर्षण व्होल्टच्या आकड्यात आहे. पाणी फोडावयास शास्त्रानुसार निदान १.२३ व्होल्टचा दाब लागतो. युरिया फोडावयास फक्त ०.३७ व्होल्ट. एक किलो हायड्रोजन मिळवण्यासाठी पाण्याच्या बाबतीत हिशेबाने सुमारे ३३ युनिट वीज लागेल, तर युरियाच्या बाबतीत १० युनिटच पुरेल. हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की, आता मुताऱ्यांवरच गावचे दिवे लागणार!

परंतु हा हिशेब कागदावरचा आहे. उतारावर ठेवलेला धोंडाही वाटेत उंचवटा असेल तर आपोआप गडगडत नाही. तसेच येथे आहे. युरियाचा रेणू सहजासहजी इलेक्ट्रॉन सोडत नाही. त्याला वाट करून देणारा उत्प्रेरक लागतो.

निकेल हमालाचे काम करते

उत्प्रेरक म्हणजे काय हे सांगताना लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचे उदाहरण देतात. मध्यस्थ दोन घरे जोडतो आणि स्वतः मोकळाच राहतो. निकेलच्या बाबतीत हे उदाहरण अपुरे पडते. निकेल दूर उभे राहून बोलणी करीत नाही, ते स्वतः ओझे उचलते. लातूरच्या आडत बाजारात हमाल गाडीवरचे पोते पाठीवर घेतो, काट्यावर टाकतो आणि रिकाम्या पाठीने परत येतो. दिवसभरात शेकडो पोती हलतात, हमाल मात्र तोच. क्षारीय द्रावणात निकेलच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइडचा पातळ थर असतो. विजेच्या दाबाखाली त्याचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि त्याचे निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड होते. या रूपात ते इलेक्ट्रॉनसाठी भुकेले असते. जवळ आलेल्या युरियाकडून ते इलेक्ट्रॉन घेते आणि पुन्हा पहिल्या रूपात येते. तो इलेक्ट्रॉन तारेत टाकून ते पुढच्या फेरीला मोकळे होते.

प्लॅटिनमसारखे धातू या कामी वापरून पाहिले गेले, पण प्लॅटिनमचा भाव ग्रॅमवर चालतो आणि निकेलचा किलोवर. शिवाय क्षारीय द्रावणात युरियासाठी निकेल अधिक कामसू ठरले. आपल्याकडे १९५० साली निघालेला रुपया निकेलचा होता, इतका हा व्यवहारातला धातू आहे.

यात एक गंमतीची गोष्ट आहे. युरियाशी निकेलची गाठ माणसाने घालून दिलेली नाही. जमिनीतील सूक्ष्मजीव ज्याच्या जोरावर युरिया फोडतात, ते युरिएज नावाचे विकर. अमेरिकेतील जेम्स समनर यांनी १९२६ साली आपल्याकडील अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून ते स्फटिकरूपात मिळवले आणि त्याबद्दल १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा त्यांना मिळाला. १९७५ साली त्या विकराच्या पोटात निकेल असल्याचे आढळून आले. म्हणजे आपल्या शेतातही युरियाला प्रथम हात लावतो तो निकेलच. फरक इतकाच की, शेतात त्याचा अमोनिया होतो आणि विजेच्या भांड्यात नायट्रोजन व्हावा अशी आपली अपेक्षा असते.

बारीक कण कशासाठी?

हमालाचे काम पृष्ठभागावर चालते. धातूच्या गोळ्याच्या पोटात असलेले अणू नुसते बसून असतात. मिठाईवाला पेढ्यावर चांदीचा वर्ख लावतो, चांदीचा खडा ठेवत नाही. थोड्या चांदीत पुष्कळ पेढे झाकले जातात ते ती पसरल्यामुळे. धातूच्या कणांचे तेच आहे.

हिशेब करून पाहू. एक सेंटिमीटर बाजूचा निकेलचा ठोकळा घेतला, तर त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो, एखाद्या टपाल तिकिटाएवढा. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले (एका मिलिमीटरात १० लाख नॅनोमीटर असतात), तर सर्व तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर भरतो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर जवळजवळ सहा गुंठे! धातू तेवढाच, पण टपाल तिकिटाच्या जागी सहा गुंठ्यांचे रान उभे राहिले. नॅनोकण हा भारदस्त शब्द कानी पडला की एवढेच ध्यानात ठेवावे.

कार्बनचा आधार

अडचण अशी की, इतके बारीक कण एकमेकांना चिकटतात. ओल लागलेल्या युरियाचा जसा खडा होतो, तसे त्यांचे गोळे होतात आणि मिळालेले सहा गुंठे पुन्हा आक्रसतात. म्हणून त्यांना दूर दूर बसवणारा आधार हवा. तो कार्बनचा असतो. ज्वारीच्या कणसात प्रत्येक दाण्याला स्वतःची जागा असते, प्रत्येकाला ऊन-वारा मिळतो आणि सर्व दाणे एका दांड्याला जोडलेले असतात. कार्बन हा तो दांडा होय. तो कणांना वेगळे ठेवतो, त्याच्या अंगच्या छिद्रांतून द्रावण आत-बाहेर खेळते, आणि मुख्य म्हणजे तो विजेचा वाहक असल्यामुळे निकेलने आणलेला इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचवतो. दगड किंवा काच हे काम करू शकत नाहीत.

हा कार्बन अनेक रूपांत वापरतात. काजळीसारखी भुकटी, अतिसूक्ष्म नळ्या, एकाच अणूच्या जाडीचा ग्राफीनचा पापुद्रा, धाग्यांचे जाळे. शेतातील काडीकचऱ्यापासूनही सच्छिद्र कार्बन करता येतो आणि असे प्रयोग जगभर झाले आहेत. पऱ्हाट्या, सोयाबीनचे काड, उसाचा चोथा यांची ज्या भागात टंचाई नाही, त्या आपल्या भागाच्या दृष्टीने ही लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे.

उत्प्रेरक बनवण्याची एक सरळ पद्धत अशी: निकेलच्या क्षाराचे पाण्यात द्रावण करावयाचे, त्यात कार्बनची भुकटी भिजवून वाळवावयाची आणि हवा लागू न देता काही शे अंशांपर्यंत तापवावयाची. क्षार मोडतो आणि निकेलचे कण कार्बनवर जागच्या जागी तयार होतात. निकेलमध्ये कोबाल्टसारखा दुसरा धातू मिसळला तर कमी दाबावर काम सुरू होते, असेही दिसून आले आहे.

परीक्षा कशी घेतात?

तयार झालेल्या भुकटीची शाई करून तिचा एक थेंब कार्बनच्या छोट्या चकतीवर वाळवतात. ही चकती कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात बुडवून विजेचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि किती प्रवाह वाहतो ते नोंदवतात. मग त्याच द्रावणात युरिया घालून पुन्हा तेच करतात. दुसऱ्या वेळी प्रवाह एकदम उसळला, तर उत्प्रेरकाने युरियाला हात घातला असे समजतात. किती कमी दाबावर प्रवाह सुरू झाला, किती मोठा झाला आणि किती तास टिकला, या तीन गोष्टींवर गुण देतात.

प्रत्यक्षात काय आढळते? निकेलच्या हमालाला कामावर उभे करण्यासाठीच १.३५ ते १.४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. म्हणजे ०.३७ चा आकडा अजून बराच दूर आहे. १.४ ते १.५ व्होल्टवर एक किलो हायड्रोजनला ३७ ते ४० युनिट वीज लागते. पाणी फोडणाऱ्या यंत्राला व्यवहारात ४८-५० युनिट लागते, त्या मानाने बचत आहे. परंतु एक किलो हायड्रोजन जाळून ३३ ते ३९ युनिटच उष्णता मिळते. तेव्हा मुताऱ्यांवर गावचे दिवे लागणार नाहीत. आणि खताची पोती फोडून हायड्रोजन करणे म्हणजे तर घर जाळून कोळशाचा व्यापार, कारण तो युरियाच मुळी नैसर्गिक वायू खर्चून केलेला असतो. वापरावयाचा तो फेकला जाणारा युरिया.

आणखीही अडचणी आहेत. निकेलला तीव्र क्षार लागतो आणि मूत्र तसे नसते, म्हणून कॉस्टिक पोटॅशचा खर्च येतो. मूत्रात मीठ असते, त्याचाही उपद्रव होतो. साठवलेल्या मूत्रातील युरियाचा काही दिवसांतच अमोनिया होतो, म्हणून ते ताजे असावे लागते. कार्बनचा आधारही सततच्या विजेने झिजतो.

खरा प्रश्न नायट्रोजनचा

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट अलीकडे पुढे आली आहे. प्रवाह मोजणारे यंत्र किती इलेक्ट्रॉन आले एवढेच सांगते. ते देऊन युरियाचे पुढे काय झाले, हे ते सांगत नाही. पुष्कळ वर्षे असे गृहीत धरले जात होते की, युरियातील नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. संशोधकांनी भांड्यात उरलेले द्रावण तपासले तेव्हा निराळेच दिसले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका संशोधनात निकेलवर मुख्यतः नायट्राइट आणि सायनेट हे पदार्थ तयार होत असल्याचे आणि परिस्थिती बदलून नायट्रोजन वायूचा वाटा वाढवता येत असल्याचे दाखवण्यात आले.

नायट्राइट! म्हणजे ज्या विषाच्या भीतीने आपण युरिया फोडायला निघालो, तेच भांड्यात तयार होऊन बसले. अशा यंत्राने हायड्रोजन कितीही दिला आणि त्याचे सांडपाणी नाल्यात सोडले, तर विहिरीच्या दृष्टीने काय साधले?

यासाठी आपल्या परिचयाचा एक हिशेब मांडते. २०० विद्यार्थ्यांचे वसतिगृह घ्या. माणशी २५ ग्रॅम धरून दिवसाला ५ किलो युरिया होतो. त्यातून सर्व काही मनासारखे झाले तर अर्धा किलो हायड्रोजन मिळेल. त्याची उष्णता १५-२० युनिट, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या आंघोळीच्या पाण्यापुरती. आता दुसरी बाजू पाहा. त्याच ५ किलो युरियात २.३ किलो नायट्रोजन आहे. तो सगळा नायट्रेट होऊन पाण्यात उतरला, तर सुमारे १० किलो नायट्रेट होते. लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपर्यंत ते २ लाख २५ हजार लिटरहून अधिक पाणी नेऊ शकते. लातूरला आलेल्या पहिल्या रेल्वेतील पाण्याला दोन-सव्वादोन दिवस पुरे! सगळा नायट्रोजन पाण्यात उतरत नाही, ही गोष्ट खरी. पण तराजूच्या एका पारड्यात अर्धा किलो हायड्रोजन आणि दुसऱ्यात दोन लाख लिटर पाणी, असा हा सौदा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, या उत्प्रेरकांची परीक्षा केवळ विजेच्या प्रवाहावर घेऊ नये. आत गेलेल्या नायट्रोजनपैकी किती वायू झाला आणि किती पाण्यात उरला, हा पहिला प्रश्न असावा. शेतकरी जसा पेरले किती आणि घरात आले किती हे विचारतो, तसाच हा प्रश्न आहे. जेथे पाणी मुबलक आहे तेथे हायड्रोजनचा आकडा आधी पाहिला तर चालेल. नांदेडला आणि लातूरला तो दुसरा आकडा आहे.

याच प्रतिक्रियेचा एक लहान पण हातात येण्याजोगा उपयोगही आहे. द्रावणात युरिया जितका जास्त तितका प्रवाह जास्त, या नात्यावर युरिया मोजण्याची उपकरणे बनवता येतात. दुधात नैसर्गिकपणे थोडा युरिया असतोच. त्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅम अशी ठरवलेली आहे. भेसळ करणारे त्यात वरून युरिया घालतात. अशी भेसळ संकलन केंद्रावरच पकडणारे स्वस्त उपकरण झाले, तर प्रामाणिकपणे दूध घालणाऱ्याचे भले होईल.

शेवटी एक मुद्दा कला शाखेच्या बाजूने मांडावासा वाटतो. मूत्र वेगळे जमवावे, ताजे असताना यंत्रात घालावे, असे शास्त्र सांगते. ते जमवणार कोण? आपल्या समाजात घाणीचे काम कोणाच्या वाट्याला आले आणि का आले, हे सांगण्यासाठी रसायनशास्त्र लागत नाही. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली पुन्हा नव्याने करावा लागला, यावरून ती रूढी किती चिवट आहे ते दिसते. नवे यंत्र आले आणि त्याची टाकी वाहणारे हात मात्र तेच जुने राहिले, तर त्याला प्रगती म्हणता येणार नाही. इमारत बांधतानाच नळ वेगळे घालणे आणि टाकी माणसाच्या हाताशिवाय रिकामी होणे, या गोष्टी उत्प्रेरकाइतक्याच आवश्यक आहेत. निकेलची हमाली आपण आनंदाने मान्य करू, माणसावर लादलेली नव्हे.

पलीकडच्या इमारतीतील मित्रमैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. युरियाचा उत्प्रेरक बनवण्याइतकी साधने आपल्या प्रयोगशाळेत नसतील. पण पाण्यातील नायट्रेट तपासण्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना प्रत्येकाने एक स्वच्छ बाटली बरोबर न्यावी, परत येण्याच्या दिवशी आपल्या गावच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तिच्यात भरून आणावे, आणि विज्ञान शाखेने ते तपासून द्यावे. गावांच्या नावांसह आकड्यांची नोंद ठेवण्याचे काम आम्ही कला शाखेचे विद्यार्थी करू. आपल्या गावच्या पाण्यात नायट्रेट किती, हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला गेला, तर तेवढ्यानेही पुष्कळ काम होईल.